चार वाजताची भिंत

ही गेल्याचं मला दुकानात कळलं. मंगळवार होता, अकरा वाजून गेले होते. मी रंगाच्या दुकानात रंग मिसळण्याचं काम करतो. गिऱ्हाईक शेड कार्डावर बोट ठेवतं, मी नंबर बघून पांढऱ्या बेसमध्ये टिंट सोडतो आणि डबा घुसळायच्या यंत्रात ठेवतो. त्या दिवशी वीस लिटरचा डबा यंत्रात होता. यंत्र चालू असलं की फोन ऐकू येत नाही, म्हणून मालकांनी माझ्या खांद्याला हात लावला आणि फोन हातात दिला. मुलगी हॉस्पिटलमधून बोलत होती.

“बाबा, बसलेले आहात का तुम्ही?”

“उभा आहे. बोल.”

ती बोलली नाही. मग मला कळलं.

डबा घुसळायला चार मिनिटं लागतात. ती चार मिनिटं मी तिथेच उभा होतो. मग यंत्र थांबलं, मी डबा काढला, रंग बघितला, झाकणावर ठिपका लावला आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, “भिंतीवर लावायच्या आधी दिवसाच्या उजेडात एकदा बघून घ्या. दिव्याखाली रंग फसवतो.” हे मी प्रत्येकाला सांगतो. मालक माझ्याकडे बघत राहिले. मी हात धुतले आणि निघालो.

त्याआधी दोन वर्षं ही, माझी बायको, आजारी होती. औषधांमुळे तिला दिवसाचा उजेड सोसवत नसे, डोकं ठणकायचं. आमच्या मागच्या खोलीला मोठी खिडकी आहे. पूर्वी मुलगी तिथे अभ्यासाला बसायची. तिथे मी जाड पडदा लावला, आरामखुर्ची ठेवली आणि शेजारी एक उंच दिवा आणून त्यात मंद पिवळा बल्ब बसवला. ही दिवसभर तिथे बसे. संध्याकाळी मी घरी आलो आणि चुकून पडदा सरकवला, की आतून आवाज यायचा, “अहो, पडदा.” दोन वर्षांत आमच्यात सगळ्यात जास्त बोललं गेलेलं वाक्य ते असेल.

मुलीनं तिला एक टॅब आणून दिला, वेळ जावा म्हणून. ही त्याला पाटी म्हणायची. पहिले आठ दिवस पाटी उशाखाली होती. मग एकदा मी घरी आलो तर ती पाटीवर बोट फिरवत होती आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “चहा तुम्हीच ठेवा, मी कामात आहे.”

काम म्हणजे विणकाम. क्रोशाची सुई तिच्या हातात लग्नाआधीपासून होती, पण मधली तीस वर्षं ती डब्यात पडून होती. पाटीनं ती बाहेर काढली. एका साइटवरून रोज सकाळी सहा वाजता एक शब्द येई, लिहिणाऱ्यांनी, चित्रं काढणाऱ्यांनी त्यावर काहीतरी करावं म्हणून. ‘वाफ’. ‘खिसा’. ‘उरलेलं’. ही त्या शब्दाखाली एखादी ओळ लिहून ठेवायची आणि मग दिवसभर त्या शब्दाचं काहीबाही विणायची. खिसा आला त्या दिवशी तिनं खरंच एक खिसा विणला, कशालाच न लावलेला. तो मला दिला. “ह्याला शर्ट तुम्ही शोधा,” म्हणाली.

दुसऱ्या एका साइटवर आवाज मिळत. पाऊस होता, समुद्र होता, जंगल होतं. हिला त्यातलं काही आवडलं नाही. “पाऊस काय, खरा पडतोच की.” तिथे आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्या होत्या. तिनं थोडा पंखा घेतला, थोडा कपबश्यांचा आवाज घेतला आणि शेजारच्या खोलीत दोन माणसं हळू बोलताहेत असा एक आवाज घेतला. त्यातले शब्द कळत नाहीत. कोणीतरी घरात आहे, एवढंच कळतं. हे सगळं मिसळून तिनं स्वतःचा एक आवाज बनवला आणि तो लावून ती विणत बसे. मी म्हटलं, हे काय खूळ. ती म्हणाली, “मिसळायचं काम काय तुम्हालाच येतं का?”

विणकाम करणाऱ्यांची एक साइट होती. तिथे सगळ्या जणी टोपणनावानं येत. हिनं स्वतःचं नाव ‘पाटीवाली’ ठेवलं होतं. मला हे नंतर कळलं.

आणि भिंत. खिडकीसमोर, गल्लीपलीकडे, एका इमारतीची मागची बाजू आहे. तिला खिडक्या नाहीत. नुसता गिलावा, एक पाण्याचा पाइप आणि वर उजवीकडे एक ओलीचा डाग. दुपारी चारच्या सुमाराला त्या भिंतीवर ऊन येतं आणि अर्धा तास ती भिंत भाजलेल्या पावासारखी दिसते. मुलगी शाळेत असताना त्या उजेडात बसून गणितं करायची. चार वाजले की म्हणायची, “आई, भिंत आली.” आता ती दूरच्या गावात नोकरीला आहे, तिथे तिच्या खोलीसमोर पार्किंग आहे.

एक दिवस हिनं डोळ्यांवर हात धरून पडदा बाजूला केला आणि चार वाजता त्या भिंतीचा फोटो काढला. पाटीवर एक सोय होती: फोटो दिला की त्याचे रंगीत चौकोन करून मिळत. तिनं बारा आडवे, बारा उभे, असे एकशे चव्वेचाळीस चौकोन करून घेतले. एक चौकोन म्हणजे वितीएवढं विणकाम, आणि सगळे जोडले की पांघरूण. “लेकीला भिंत पाठवते,” म्हणाली.

पण यंत्रानं दिलेले रंग तिला पसंत नव्हते. महिनाभर ती एकेका चौकोनाचा रंग बोटानं इकडेतिकडे सरकवत होती. मी एकदा म्हटलं, “अगं, फोटोतून घेतलेत ना रंग, मग बरोबरच असणार.” तर म्हणाली, “यंत्राला कुठलीही भिंत दिसते. माझी भिंत मला माहितीये.” रंग ठरला की त्याचा नंबर ती एका लोकरीच्या दुकानाला कळवायची, आणि त्या रंगाची लोकर टपालानं घरी यायची.

सत्त्याण्णव चौकोन झाले, हिला हॉस्पिटलात ठेवावं लागलं, मुलगी धावत आली, आणि तो मंगळवार आला.

नंतरचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. मी पडदा काढून धुतला आणि परत लावला नाही. दुकानात जात होतो, येत होतो. मुलगी महिनाभर राहिली. जाताना तिनं आईची सगळी खाती माझ्या फोनवर चालू करून दिली. म्हणाली, “आईचं सगळं ह्यात आहे, बाबा. वाटलं तर बघा, नाही तर असू दे.” पाटी हॉस्पिटलातून आलेल्या पिशवीत होती. ती पिशवी कोणीच उघडली नाही.

तर रोज सकाळी सहा वाजता माझ्या फोनवर शब्द येऊ लागला. तो तिच्यासाठी यायचा. त्या साइटला ती गेल्याचं कोणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही सांगवेना. मी शब्द वाचायचो, मग मागे जाऊन तिचे जुने शब्द आणि त्याखालच्या ओळी वाचायचो. ‘वाफ’च्या खाली लिहिलं होतं, ‘ह्यांचा चष्मा.’ ‘उरलेलं’च्या खाली लिहिलं होतं, ‘विचार करून सांगते.’

एका रविवारी दुपारी मी तिचा तो मिसळलेला आवाज लावला आणि तिच्या खुर्चीत बसलो. पंखा, कपबश्या, शेजारच्या खोलीतली दोन माणसं. खिडकीतून उजेड येत होता. डोळा कधी लागला कळलं नाही. झोपेतही तो आवाज चालूच होता, फक्त आता त्यातले शब्द कळत होते. ही टाके मोजत होती. एक खांब, दोन खांब, साखळी. एक खांब, दोन खांब, साखळी. मी मोजणी ऐकत शेजारच्या खोलीत जातोय, आणि शेजारच्या खोलीच्या शेजारी आणखी एक खोली आहे, तिच्या शेजारी आणखी एक. सगळ्या आमच्याच. एकीत मुलीचं दप्तर पडलेलं, एकीत दुकानातले रिकामे डबे नीट लावून ठेवलेले. मोजणी प्रत्येक वेळी पुढच्या खोलीतून. मग ती थांबली आणि ही म्हणाली, “अहो, पडदा.” मी जागा झालो. समोर भिंतीवर ऊन होतं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्या दिवशी मी तिच्या विणकामाचा खोका उघडला. सत्त्याण्णव चौकोन, प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी लावलेली: कितवी ओळ, कितवं घर. मी चिठ्ठ्याच वाचत गेलो, रंगाकडे लक्ष गेलं नाही. राहिलेले सत्तेचाळीस. आराखडा फोनवर होता, नंबर होते. मी चाळीस वर्षं नंबर बघून रंग करतो. मला वाटलं, हे मला जमेल.

विणायला मी व्हिडिओ बघून शिकलो. व्हिडिओतल्या बाईची बोटं इतकी भराभर चालायची की मी वेग निम्मा केला. निम्म्या वेगानं ती झोपेत बडबडल्यासारखी बोलायची, पण सुई कुठून कुठे जाते ते दिसायचं. साखळी जमली. खांब जमला. मुका खांब म्हणून एक आखूड टाका असतो, त्यानं मला आठ दिवस पिडलं. पहिला चौकोन पाच कोपऱ्यांचा झाला. तो मी दुकानात काउंटरखाली ठेवला होता, मालकांनी ओढून काढला.

“हे काय, पंख्याला टोपी?”

“चौकोन आहे.”

“बरं,” मालक म्हणाले, “चौकोनाला कळवलंय ना?”

महिन्याभरात चार कोपरे आले. तेव्हा मी तिचे सत्त्याण्णव चौकोन मागच्या खोलीत जमिनीवर मांडायला घेतले, चिठ्ठ्या बघून, ओळीनं. मुलगी सुट्टीला आली होती, ती एका टोकाकडून मांडत होती, मी दुसऱ्या. सकाळचा स्वच्छ उजेड होता. मांडून झाल्यावर आम्ही दाराशी जाऊन उभे राहिलो.

भिंत नव्हतीच ती. राखाडी, शिळ्या दुधासारखं निळसर, मध्ये कुठे मातकट. ऊन कुठेही नव्हतं. थंडीत पहाटे दिसावी तशी भिंत.

मुलीनं वाकून एक चौकोन उचलला, उलटा करून बघितला. मग म्हणाली, “आईला शेवटी असं दिसत होतं का, बाबा?”

मी रोज संध्याकाळी तिच्यापासून हातभर अंतरावर बसत होतो. तिनं विणलेलं दाखवलं की मी ‘छान’ म्हणत होतो. माझ्या आठवणीत ते चौकोन पिवळसर होते. पण आठवणीवर रंग जुळवायचा नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे. माणूस मागे सुटलेल्या घराचा रंग सांगतो तो नेहमी खऱ्यापेक्षा ऊबदार असतो. मी फोनवर आराखडा काढून बघितला. तिथेही तसंच, थंड. नंबर वाचले. प्रत्येकात निळा जास्त घातलेला. महिनाभर बोट सरकवून तिनं हे केलं होतं, एकेका चौकोनातून ऊन काढून टाकलं होतं.

“मला नको हे, बाबा,” मुलगी म्हणाली. “म्हणजे, नको असं नाही. पण मी हे अंगावर कसं घेऊ?”

ती गेल्यावर मी ठरवलं की हे दुरुस्त करायचं. राहिलेले सत्तेचाळीस तरी खऱ्या भिंतीचे करू, म्हणजे त्या थंड चौकोनांत मध्ये मध्ये तरी ऊन येईल. सलग आठ दिवस मी मालकांकडून दुपारी तासाची सुट्टी घेतली. चार वाजता शेड कार्डाचा जुडगा घेऊन खिडकीत उभा राहायचो, हात लांब करायचा, एक डोळा मिटायचा, पट्टी भिंतीवर धरायची. पाइपाजवळचा रंग वेगळा, डागाजवळचा वेगळा. सगळे लिहून घेतले. तिचे नंबर वहीत उतरवून त्यांवर काट मारली आणि शेजारी माझे लिहिले. लोकर मागवली. लोकर आली ती दिवसाच्या उजेडात भिंतीसमोर धरून तपासली. अगदी बरोबर होती. एवढं चोख काम मी दुकानातही क्वचित केलं असेल.

अकरा चौकोन विणले. तीन महिने लागले.

चौकोन एकमेकांना कसे जोडायचे ते मला येत नव्हतं. म्हणून मी तिच्या विणकामाच्या साइटवर गेलो, तिचे सत्त्याण्णव आणि माझे अकरा असे जमिनीवर मांडून खिडकीच्या उजेडात फोटो काढला, तो टाकला आणि विचारलं की जोडायची सोपी रीत कोणती. पाच मिनिटांत ‘गाठवाली’ नावाच्या बाईचा निरोप आला.

“तुम्ही कोण? हे खातं पाटीवालीचं आहे.”

“मी तिचे मिस्टर. ती गेली. नऊ महिने झाले.”

मग आलं, “आम्हाला वाटलं रुसली. मी तिच्या एका चौकोनाला सैल म्हटलं होतं.”

मी लिहिलं, “सैल असेल तर असेल.”

“सैल नव्हता, भाओजी. मी जळले होते. तिचं काम बघून सगळ्याच जळायच्या.” मग थोड्या वेळानं, “पण हे कोणाचे टाकलेत तुम्ही? ते अकरा चांगले आहेत, हात नवा दिसतोय, पण रंग तिच्या भिंतीचा आहे, फोटो टाकला होता तिनं. बाकीचे तिचे नाहीत.”

“तिचेच आहेत. तिच्या खोक्यातले.”

“शक्य नाही. वर्षभर रोज बघितलेत मी. तिचे सोन्यासारखे होते. मागे जाऊन बघा की, तिनेच टाकलेले फोटो आहेत.”

मी मागे गेलो. तिनं टाकलेले फोटो कधी बघितलेच नव्हते. पहिला चौकोन, दुसरा, तिसरा. सगळे भाजलेल्या पावाच्या रंगाचे, कडेला किंचित तांबूस, मध्ये लोण्यासारखे. ओळखायला मला टाके बघावे लागले. तिसऱ्या ओळीतलं सातवं घर, त्याच्या कोपऱ्यात एक खांब जास्त पडलाय. मी जमिनीवरून तो उचलला. तोच खांब, तोच कोपरा. हातात निळसर राखाडी, फोटोत सोनं.

एका फोटोच्या कडेला दिव्याची दांडी दिसत होती.

मी खुर्चीवर बसलो. मग उठून हॉस्पिटलची पिशवी उघडली. त्यात तिचा कंगवा होता, पायमोजे होते, खाली पाटी होती. पाटी चार्जिंगला लावली. तासाभरानं ती उजळली आणि मी आराखडा उघडला. फोनवर जो आराखडा थंडगार दिसत होता, तोच, त्याच नंबरांचा आराखडा पाटीवर होता आणि त्यात ऊन होतं. चार वाजताचं. डागाजवळचं सुद्धा.

मग मला आठवलं. तिचे डोळे दुखायचे म्हणून मी स्वतः एकदा त्या पाटीची काच पिवळी करून दिली होती. तशी सोय असते, डोळ्यांना त्रास कमी व्हावा म्हणून. एक पट्टी होती, मी ती शेवटपर्यंत सरकवली होती आणि विसरून गेलो होतो. त्या पिवळ्या काचेतून तिला यंत्राचे रंग भडक दिसले असणार, म्हणून ती बोटानं एकेक रंग निळ्याकडे नेत राहिली, तिला तिची भिंत दिसेपर्यंत. मग लोकर आली ती पिवळ्या दिव्याखाली. पडदा बंद. काच पिवळी, दिवा पिवळा, दोन्ही मीच लावलेले. तिचं सगळं बरोबर जुळत होतं. तिनं ते चौकोन दिवसाच्या उजेडात एकदाही बघितले नाहीत. बघू शकतच नव्हती.

आणि मी, दिव्याखाली रंग फसवतो असं जगाला सांगणारा, ती गेल्यापासून ते चौकोन फक्त उजेडात बघत होतो.

पडदा कपाटात होता. तो लावला. दिव्याचं बटण दाबलं, बल्ब चांगला होता. खोली लहान झाली, खुर्चीभोवती आली. जमिनीवरचे सत्त्याण्णव चौकोन हळूहळू तापले. असं होत नाही, मला माहीत आहे, डोळा सवय करून घेतो एवढंच. पण दिसलं ते तसं दिसलं. पाइप दिसला. डाग दिसला. मधे मधे माझे अकरा होते, ताप आल्यासारखे लालभडक, कोणीतरी भिंतीला पोळवलंय असे.

मी बराच वेळ तिथे उभा होतो. तिला शेवटी काय दिसत होतं ते मला आता माहीत होतं.

रविवारी मुलगी आली. तिला मी काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, “डोळे मीट आणि खोलीत ये.” ती म्हणाली, “बाबा, मी चौतीस वर्षांची आहे,” पण तिनं मिटले. मी तिला दंडाला धरून आत नेलं, दार लावलं.

“उघड.”

तिनं उघडले. दिव्याच्या उजेडात आधी तिला काही दिसेना, ती डोळे चोळत राहिली. मग ती खाली बसली, चौकोनांच्या कडेला, मांडी घालून, शाळेत बसायची तशी.

“भिंत आली,” ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. काच, दिवा, बोटानं सरकवलेले रंग. ती ऐकत होती आणि एकेका चौकोनावर हात ठेवत होती. मग माझ्या अकरांपाशी थांबली.

“हे तुमचे?”

“हो. उसवणार आहे.”

“का? असू देत ना. तुमचे पण असू देत.”

“रंग जुळत नाही.”

“बाबा, हे काय गिऱ्हाइकाचं काम आहे का? तीन महिने बसलात तुम्ही ह्यावर.”

“अगं, हे मी तिचं चुकलंय असं समजून विणलेत. नंबरांवर काट मारून. तिचं चुकलं नव्हतं.”

मग तिनंच एक चौकोन उचलला, टोकाचा दोरा शोधला आणि ओढला. क्रोशा उसवायला सोपा असतो, एकदा दोरा सापडला की सरसर येतो. मी लोकरीचा गुंडा करत गेलो. तिसऱ्या चौकोनाशी ती हसायला लागली.

“काय झालं?”

“म्हणजे हे पांघरूण मी दिवसा पांघरायचंच नाही?”

“दिवसा कोण पांघरतं? नोकरी कर दिवसा.”

“आणि पिवळा दिवा?”

“तो मी देईन.”

जाताना तिनं कागदावर लिहून घेतलं, कोणता बल्ब, किती वॉटचा. पार्किंगकडची खिडकी आहे, तिला पडदा लावीन म्हणाली.

आता दुपारी मालक मला साडेतीनला सोडतात. घरी येतो, पडदा ओढतो, दिवा लावतो, तिचा आवाज लावतो आणि खुर्चीत बसतो. बाहेर भिंतीवर ऊन येऊन जात असेल, मी बघत नाही. माझ्या काटांवर मी पुन्हा तिचे नंबर लिहिलेत आणि लोकर तिच्या नंबरांनी मागवलीये. टपालाचा खोका दारात उघडला की ती लोकर थंड, उदास दिसते. आत आणली की बरी होते. शेजारच्या खोलीत दोन माणसं बोलत असतात. कधी कधी मी विणता विणता मध्येच थांबतो, ती काय बोलताहेत ते ऐकायला, आणि मग कितवा खांब होता ते विसरतो. उसवतो. पुन्हा पहिल्यापासून मोजतो. गाठवाली जोडायची रीत शिकवते आहे, निरोप पाठवून पाठवून. परवा म्हणाली, “भाओजी, तुमचा हात तिच्यापेक्षा घट्ट आहे, जरा सोडा.” मी म्हटलं, “ती सैल होती, मी घट्ट आहे, तुमचं नेमकं काय म्हणणं आहे?” ती म्हणाली, “तिच्यासारखंच भांडता.”

सहा चौकोन झाले आहेत. एक्केचाळीस विणायचे आहेत. मग सगळे जोडायचे आहेत, आणि चारही बाजूंनी चार बोटांची पट्टी विणायची आहे. पट्टीची जागा आराखड्यात आहे, पण तिनं तिला रंग दिलेला नाही, नंबर लिहिलेला नाही. तो रंग अजून ठरलेला नाही.